गाय आमची, काळजी गल्लीची

फाल्गुन लागला की खानापूरकडं काजू धरायला लागतो, बेळगावच्या शिवारात ज्वारी काढायची घाई उडते आणि ज्यांच्या गोठ्यात गाभण गाय आहे त्यांची झोप उडते. हिशेब तसा सोपा. रेतन केल्या दिवसापासून गाईला नऊ महिने नऊ दिवस, म्हशीला दहा महिने दहा दिवस. तेवढे मोजून कॅलेंडरवर गोल करायचा. तो गोल घरातले सगळे बघतात, शेजारीही बघून जातात. गाय तेवढी बघत नाही. आठवडाभर अलीकडे किंवा आठवडाभर पलीकडे, तिला वाटेल तेव्हा ती व्यायला मोकळी असते.

तारीख जवळ आली की दारावरून जाणारा प्रत्येक जण थांबतो. "गाय काय करूलालीय?"

"रवंथ करूलालीय."

"अजून न्हाई व्हय?" यातला निराशेचा सूर थेट आपल्यावर असतो. पलीकडच्या कन्नड आजी तर रोज सकाळी विचारतात, "आकळ ईदैतेन्री?" म्हणजे गाय व्याली का हो? भाषेवरून या भागात काय काय झालं ते जगाला ठाऊक आहे, पण चिकाच्या, म्हणजे व्यालेल्या गाईच्या पहिल्या घट्ट दुधाच्या, बाबतीत सीमावाद नाही. दोन्ही बाजूंचा दावा पूर्ण मडक्यावर असतो.

खरी खूण कॅलेंडरवर नसते, शेपटीच्या मुळाशी असते. कास आठ-पंधरा दिवस आधीच भरायला लागते, तिच्यावर विसंबू नये. शेपटीच्या दोन्ही बाजूंचे ताठ बंध बोटानं दाबून बघायचे. ते सैल पडून तिथं खड्डे झाले, सड तुकतुकीत दिसायला लागले, की बहुतेक दिवसभरात उरकतं. मग रात्री जागरण. गाईला माणसांची गर्दी आवडत नाही. आपण बॅटरी घेऊन समोर बसलो की ती शांतपणे कडबा खाते. आपण चहाला आत गेलो की बसते आणि कळा द्यायला लागते.

याच वेळी गल्लीतले तज्ज्ञ हजर होतात. त्यातला एक तरी दोरी घेऊन येतो. दोरीवाल्याला आधी ओट्यावर बसवून चहा द्यावा, कारण पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटून पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं, तर कुणीही काही करायचं नसतं. खुरांचे तळवे जमिनीकडं असले तर वासरू सहसा सरळ आहे. तळवे वर दिसले तर ते पाय मागचे तरी असतात, नाहीतर वासरू उलटं तरी असतं. अशा वेळी थेट डॉक्टर. पाणमोट फुटून तासभर झाला आणि काहीच पुढं सरकलं नाही, तरी डॉक्टर. ओढायची वेळ आलीच तर गाय कळ देईल तेव्हाच, आणि खालच्या बाजूला, तिच्या मागच्या पायांच्या दिशेनं. दोरीवाल्याचा हिसका नेहमी वरच्या बाजूला असतो.

वासरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा, नाकपुडीत गवताची काडी घालायची. ते शिंकलं की आपणही श्वास सोडायचा. नाळ पोटापासून दोन-तीन बोटांवर बांधायची, खाली कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. पुसायला पोतं चालतं. तेवढ्यात आतून कुणीतरी नवा टॉवेल आणतं आणि पोतं तसंच पडून राहतं.

मग वारेची, म्हणजे वासराच्या मागून पडणाऱ्या वेष्टनाची, वाट बघायची. सहा-आठ तासांत पडते. बारा तास उलटले तर डॉक्टरला कळवायचं. लोंबणाऱ्या वारेला दगड बांधायचा सल्ला फार जुना आहे आणि तितकाच वाईट. त्यानं गर्भाशय फाटू शकतं, बाहेरही येऊ शकतं. पडलेली वार गाय खायला बघते, कुत्रं पळवायला बघतं. दोघांच्या आधी ती खड्ड्यात गेली पाहिजे.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. कारखाने सुरू असेपर्यंत गाई उसाच्या वाढ्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, असतात. फुकटात नाहीतर स्वस्तात मिळतं म्हणून पेंढीवर पेंढी टाकतो. पण वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून बाहेर नेतं. त्यात व्याल्यावर कासेत दूध उतरतं, तेही कॅल्शियम घेऊनच. मग दुधाळ गाय दोन-तीन दिवसांच्या आत खाली बसते, मान कुशीकडं वळवते, कान गार पडतात. घरातल्यांना वाटतं थकलीय बिचारी, झोपूदे. तो दुग्धज्वर असतो. शिरेतून सावकाश कॅल्शियम गेलं की तीच गाय थोड्या वेळात उठून वैरणीला तोंड लावते. म्हणून गाभणपणी निव्वळ वाढं नको, कडब्याची कुट्टी मिसळायची आणि खनिज मिश्रण रोज द्यायचं. पहिले दोन दिवस कासही पूर्ण पिळून काढायची नाही.

हे शेवटचं वाक्य गल्लीत कुणाला पटत नाही. कारण एव्हाना दारात तांबे, लोटे, किटल्या आलेल्या असतात. चिकावर पहिला हक्क वासराचा. तीस किलोचं वासरू धरलं तर पहिल्या दिवसात तीन लिटर, आणि त्यातला पहिला घोट अर्ध्या-एक तासात. चिकातली प्रतिकारशक्ती वासराच्या आतड्यातून पहिल्या चोवीस तासांतच रक्तात उतरते, तीही तासागणिक कमी कमी. गल्लीच्या आतड्याला अशी मुदत नसते. चौथ्या दिवशीही ते तितक्याच उत्साहात शोषून घेतं.

पहिल्या धारेचा चीक इतका घट्ट असतो की वाटीभर चिकाला तीन-चार वाट्या दूध, मग गूळ आणि वेलदोडा, तेव्हा कुठं खरवस मऊ होतो. नुसता वाफवला तर खोडरबर. आता हे दूध आणायचं कुठून? गाय तर व्यायच्या आधी दोन महिने आटवलेली. म्हणून ज्या घरी गाय व्याली त्याच घरचं माणूस पिशवीचं दूध आणायला दुकानात उभं असतं. वर दुकानदार विचारतो, "आम्हाला कधी देतासा चीक?"

पाचेक दिवस डेअरीत दूध घालायचं नाही, तापवलं की नासतं. नंतर फॅट लागेल तसा दर. मग गोचीड, ऊन, पाणी आहेच. दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे वैशाखाच्या तोंडावर, गाय पुन्हा माजावर आली का ते बघायचं. उन्हाळ्यात माज कळायला अवघड. पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी मारून सोट (मागून लोंबणारा चिकट स्राव) दिसतोय का, हंबरते का, दुसऱ्या जनावरावर चढते का हे तपासायचं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याला तो दिसला नाही तरी बिघडत नाही. कन्नड आजींना कुंपणापलीकडून बरोबर दिसतो. त्या आधी डॉक्टरला बोलवायला सांगतात आणि मग बोटांवर महिने मोजत माघापर्यंत येऊन थांबतात.