सावित्रीबाईंबद्दलच्या माझ्याच मेसेजचा खुलासा

3 जानेवारीला नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एक मेसेज टाकला होता: ‘1848 पूर्वी भारतात मुलींची एकही शाळा नव्हती. आज सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन.’ काल तोच मेसेज कळव्याच्या मावशीकडून फिरून माझ्याकडे आला. त्यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. न तपासता पुढे ढकलला, चूक माझीच.

अमेरिकन मिशनने मुंबईत 1824 मध्येच मुलींची शाळा काढली होती. हे दुसऱ्या कुणाचं कशाला, खुद्द जोतीरावांचं ऐका. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ते सांगतात की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, पण एतद्देशीयांची, म्हणजे इथल्याच लोकांनी काढलेली, नव्हती. म्हणून आपण तशी शाळा काढली आणि पत्नीसह तिथे अनेक वर्षं काम केलं. पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने 1848 मध्ये काढलेल्या शाळेचं मोल आहे ते इथे. आपल्याच माणसांनी, घरच्यांचा आणि गावाचा विरोध पत्करून चालवलेली शाळा. त्यासाठी ‘देशात पहिली’ हा शिक्का लागत नाही, असं मला वाटतं.

तारखेचं म्हणाल तर 3 जानेवारी ही जयंती. जन्म 1831चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. स्मृतिदिन 10 मार्च. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाच लागण झाली.

जुना मेसेज मी आमच्या ग्रुपवरून काढलाय. तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या. मावशीला मी फोन केलाय.