चंद्रभागेच्या काठावरचा मोबाइल

आषाढीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात चंद्रभागेच्या काठावर एक आजी स्नान करून ओले लुगडे बदलत होती आणि तिची सून कोरड्या लुगड्याचा आडोसा धरून उभी होती. चार हातांवर एक तरुण मोबाइल रोखून उभा होता. सुनेने “नका ना काढू, दादा,” असे दोनदा विनवले, तेव्हा “सार्वजनिक जागा आहे, ताई,” एवढेच उत्तर त्याने दिले. मी मध्ये पडले, तेव्हा कुठे तो पुढे गेला.

त्याचे ते उत्तर चुकीचे होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई प्रमाणे संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी जागा सार्वजनिक असण्या-नसण्याने फरक पडत नाही.

पण लुगडे नेसून झाल्यावर तीच आजी वाळूत पाय पसरून दम खात बसली असताना तिचा चेहरा जवळून टिपला आणि त्यावर चेष्टेचे गाणे लावून रील टाकले, तर हे कलम तिच्या उपयोगाचे नाही. खासगीपणाच्या हक्काविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिलेल्या पुट्टस्वामी निकालात न्या. चंद्रचूड यांनी लिहिले आहे की, माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचा खासगीपणा संपत नाही. मात्र 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळला आहे. हजारो अनोळखी लोकांपुढे मांडलेले रील घरगुती कसे, हे मला कोणी समजावून सांगावे.

जर्मनीत 1898 मध्ये दोन छायाचित्रकारांनी रात्री घरात घुसून माजी चॅन्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या मृतदेहाचे छायाचित्र काढले. त्या प्रकरणानंतर 1907 मध्ये तिथे कायदा झाला आणि तो आजही लागू आहे: माणसाचे चित्र प्रसिद्ध करायचे तर त्याची संमती हवी. बातमीच्या महत्त्वाच्या घटना, सभा-मिरवणुका आणि दृश्यात सहज आलेली माणसे यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे वृत्तछायाचित्रकारांचे काम अडत नाही, आणि ते अडता कामाही नये. या कायद्याचा रोख मुख्यतः फोटो पसरवण्यावर आहे, आणि आजीसारख्या माणसाचे खरे नुकसान तिथेच होते.

असाच नियम आपल्याकडे हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिंडी, रिंगण, वाळवंटातली गर्दी यांचे फोटो त्यात खुशाल बसतील. आजीचा चेहरा मात्र तिला विचारल्याशिवाय कोणाला रीलवर टाकता येणार नाही.