पडद्याच्या दांडीचे दोन स्क्रू

काल सकाळी सव्वासातला, पाकणीच्या अलीकडे, माझ्या गाडीचं बॉनेट उडून काचेवर आदळलं. शेजारी भाचा बसला होता, १४ वर्षांचा. काल जेवढा राग आला होता त्याच्या दुप्पट आज आहे, कारण ते बॉनेट कशाने धरलेलं होतं ते मला काल दुपारी कळलं.

दोन स्क्रूंनी. अर्धा इंची. घरात पडद्याची दांडी लावायला आणतो ते.

आधी काय झालं ते सांगतो. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून सोलापूरच्या बाळे भागाच्या पुढे पुणे रोडला निघालो होतो. ताशी ९०. मी काही उधळलो नव्हतो. बॉनेटची पुढची कड थोडी थरथरत होती. फायबर आहे, हलकं आहे, थोडं हलणारच, असं मला गॅरेजात सांगितलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं होतं. पुढे एक कंटेनर होता. त्याला ओलांडून त्याच्या आडोशातून बाहेर पडलो, समोरचा वारा एकदम लागला, आणि धाड.

समोर रस्ता नाही. समोर बॉनेटची आतली बाजू, करडी, फायबरच्या मॅटचे काचेचे धागे वर आलेली. काच तडकली. दोन थरांमध्ये फिल्म असते म्हणून आत आली नाही एवढंच. बॉनेट आणि वायपरच्या मधे बिजागरीपाशी दोन बोटांची फट राहते, तिच्यातून रस्त्याची डावी पांढरी पट्टी दिसत होती. तिच्यावर नजर ठेवली, ब्रेक हळू दाबला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली. मागचा कंटेनर हॉर्न देत निघून गेला. त्याने मला वेळेवर पाहिलं म्हणून आज मी हे लिहितोय.

भाचा गाडीतून उतरला, बराच वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "मामा, आईला सांगू नको."

बॉनेट दोरीने बांधलं आणि तसाच, मुंगीच्या पावलांनी, गॅरेजवर गेलो. मालकाने गाडी पाहिली. खाली वाकला पण नाही.

"किती होता ओ?"

"नव्वद."

"मग उडणारच की साहेब. पिना काय, शोच्या असतात. फायबर म्हटल्यावर दमानं चालवायचं."

शोच्या असतात! ४,५०० रुपये मोजून घेतले या माणसाने, बॉनेट खाली धरून ठेवणाऱ्या दोन पिना बसवायचे. मी समोर उभं राहून सांगितलं होतं की मूळचं लॉक काढतोय, आता बॉनेट फक्त या दोन पिनांवर आहे, मजबूत बसवा. "होतंय की, काळजी नका करू," हे त्याचं वाक्य. मग मीच बॅटरी घेऊन खाली घुसलो, आणि जे दिसलं ते बघून माझे हात थरथरले.

पिना शाबूत होत्या. दोन्ही. वरच्या चकतीत नीट अडकलेल्या, आडवी क्लिप जागेवर, हलवून पाहिल्या तर तसूभर ढिल्या नाहीत. बॉनेट पिनांतून सुटलंच नव्हतं. बॉनेट आणि पिना मिळून वर गेले होते, आणि पिनांच्या बुडाशी लोंबत होत्या दोन एल पट्ट्या. २४ गेजच्या पत्र्याच्या, कात्रीने कापलेल्या, कडा तशाच धारदार. रेडिएटरवरच्या लोखंडी आडव्या पट्टीला भोक पाडून पिन उभी करायची, वरून नट, खालून नट, मधे जाड वायसर, एवढंच काम. ते करायला पुढची जाळी काढावी लागते. अर्ध्या तासाचा कंटाळा. तो टाळायला त्याने पत्र्याची पट्टी वाकवली, तिच्यात पिन घातली, आणि ती पट्टी गाडीच्या पत्र्याला प्रत्येकी एका स्क्रूने डकवली. वर काळी रबराची पट्टी चिकटवली, दिसू नये म्हणून.

त्या रबराचा राग मला सगळ्यात जास्त येतोय. माणूस चुकतो, घाईत असतो, येत नसतं, मी समजू शकतो. पण ज्याने रबर चिकटवलं त्याला माहीत होतं. त्याला पक्कं माहीत होतं की हे झाकण्यासारखं काम आहे.

माझा धंदा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलचे कारखाने आहेत, तिथल्या लूमची दुरुस्ती करतो, आधी १२ वर्षं जॉबर, म्हणजे लूम लावून देणारा कारागीर होतो. थरथरणाऱ्या लोखंडात माझं आयुष्य गेलंय. मिनिटाला शेकडो ठोके घेणाऱ्या मशीनला एक नट सैल राहिला तर काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. आमच्यात कुणी पोराने स्क्रूवर लूमचा भार टाकला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाहीत. आणि इथे माणूस बसलेल्या गाडीला तेच चालतं.

वारा म्हणजे काय वाटतं लोकांना? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४५ ला हवेचा दाब चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो, ९० ला ३८. बॉनेट म्हणजे चौरस मीटरच्या आसपासच आलं. सगळा जोर वर उचलण्यात जात नाही, मान्य. पण पुढच्या जाळीतून शिरलेली हवा इंजिनाच्या खणात कोंडते आणि खालून ढकलते, आणि वरून पुढच्या कडेशी हवा वळताना ओढ बसते. लोखंडी बॉनेट स्वतःच्या वजनाने आणि कडकपणाने थोडं तरी तग धरतं. माझं जुनं १७ किलोचं होतं. फायबरचं ८ किलोचं, आणि ते वाकतं. म्हणून तर त्याला जास्त जपून धरायचं असतं. जेवढं हलकं, तेवढं घट्ट. ही साधी गोष्ट एकाही गॅरेजवाल्याच्या डोक्यात शिरत नाही, त्यांच्या मते हलकं म्हणजे त्याला काय धरायचंय!

"शोच्या" म्हणे. मोटारस्पोर्टच्या नियमात, एफआयए या जागतिक संघटनेच्या परिशिष्ट 'जे' मध्ये, रॅलीच्या गाडीच्या बॉनेटला किमान दोन जादा फास्टनर लागतात, आणि ते कुठे आहेत ते बाणाने दाखवावं लागतं, म्हणजे आग लागली तर बाहेरच्या माणसाला पटकन उघडता यावं. मूळ लॉक निकामी करायचं हेही तिथेच आहे. जीव वाचवायची वस्तू आहे ती. आपल्याकडे ती स्टिकरच्या शेजारी, चिकटवायच्या नकली पिनांबरोबर, एकाच खोक्यात विकायला असते.

आणि फायबर वाईट, फायबर टिकत नाही, हे तर ऐकवूच नका मला. १९५३ साली अमेरिकेत शेवरलेची कॉर्व्हेट आली ती पूर्ण फायबरच्या बॉडीची. पहिल्या वर्षी ३०० गाड्या, हाताने जोडलेल्या. त्यातल्या कित्येक आजही चालतात. आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, दोन सीटची, तिची बॉडीही फायबरचीच. फायबरचा काही दोष नाही. दोष बसवणाऱ्याचा.

बसवणाऱ्याचा आणि बनवणाऱ्याचा. आता निघालंच आहे तर ते पण सांगतो.

माझी गाडी २००७ ची मित्सुबिशी सीडिया स्पोर्ट्स. पुढचं वजन कमी करायचं म्हणून मागच्या वर्षी बॉनेट मागवलं. फोटोत आतून दुहेरी थर, बिजागरीला पट्टी, लॉकच्या जागी लोखंडी तुकडा बसवलेला. पैसे आधी. बॉनेट आलं ट्रॅव्हल्सच्या टपावरून, कुणाच्या तरी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून. चादर सोडली तर आत एकेरी थर. लोखंडी तुकडा नाही. बिजागरीची भोकं डावीकडे जुळतात, उजवीकडे बोटभर पुढे. मडगार्डशी फट एका बाजूला ३ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ११. फोन केला तर उत्तर, "फायबर आहे, बसवून घ्यावं लागतं." हे वाक्य मी आजवर निदान वीस जणांकडून ऐकलंय. बसवून घ्यावं लागतं हे मला कळतं. साच्यातून माल लवकर काढला, रेझिन पुरतं कडक व्हायच्या आत उन्हात उभा करून ठेवला, की तो वाकणारच. त्याचं 'बसवून' काय घेणार? ती फट घालवायला पेंटरने एवढी लांबी (रंगाआधी भरायची पुट्टी) भरली की ८ किलोचं बॉनेट त्याच्याकडून आलं तेव्हा भंगारवाल्याच्या काट्यावर ११ भरलं. तीन किलो लांबी! हलकं करायला पैसे दिले आणि जड करायलाही दिले. ती घासून काढायला माझे दोन रविवार गेले.

त्या घासण्याचा त्रास ज्याने केलंय त्यालाच कळेल. काचेचे ते बारीक धागे मनगटात, मानेत, कोपराच्या आत शिरतात आणि रात्रभर टोचतात. पाण्याची मोटार लावून अंग धुवावं म्हटलं तर आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी फायबर घासलं त्या दिवशी पाणी नाही, हे ठरलेलंच. बायको म्हणाली, ते कपडे मशीनमध्ये टाकले तर याद राखा. बरोबर होतं तिचं.

आणि तो विजापूर रोडचा हवालदार. पिना बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. कलम ५२, बदल केलाय, कागद दाखवा. वीस मिनिटं उन्हात. ठीक आहे, त्याचं काम आहे ते. पण त्याने एकदा खाली वाकून त्या पिना कशात रोवल्यात ते पाहिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. सगळ्यांना वरची चकती दिसते. खालचं कुणालाच बघायचं नसतं.

काल संध्याकाळपासून ते काम मी स्वतः करतोय. जाळी काढली. लोखंडी आडव्या पट्टीला भोकं पाडली, पिना उभ्या केल्या, दोन्ही बाजूंनी नट. पिनेच्या टोकाला ओला रंग लावून बॉनेट अलगद टेकवलं की आतून नेमका ठिपका उठतो, तिथे दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावून, खालून लाकडाचा ठोकळा धरून, आधी ३ मिलिमीटरचं बीट, हळू, मग वाढवत न्यायचं. एकदम मोठं बीट घातलं की जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, तडकतो. भोकाच्या कापलेल्या कडेला रेझिन. आतून २ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमचा तळहाताएवढा तुकडा, वर मॅटचे दोन थर, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. बिजागरीलाही तसंच. यात काहीही अवघड नाही. मला एकट्याला, कंदिलासारखा एक बल्ब लावून, सहा तास लागले. गॅरेजात दोन पोरांना तीन तास लागले असते. माझ्याकडून ६,००० मागितले असते तरी मी दिले असते, हसत दिले असते.

आता शेवटचं. हे लिहायला बसलो ते खरं तर यासाठी.

काल गॅरेजवरून निघताना शेजारी एक पांढरी पोलो उभी होती. नवंकोरं फायबरचं बॉनेट, चकचकीत काळं, त्याच दोन पिना. मालक तिथेच होता, पंचविशीचा पोरगा, चहा पीत. मी वाकलो. तीच काळी रबराची पट्टी. नखाने उचलली तर खाली तीच एल पट्टी, तोच एकेक स्क्रू, आणि मूळचं लॉक काढलेलं. त्याला हाताला धरून खाली बसवलं, बॅटरी मारून दाखवलं, माझ्या खिशातली तुटलेली पट्टी त्याच्या हातात दिली, माझी फुटलेली काच दाखवली. गॅरेजवाला मागून म्हणत होता, "काय होत नाही ओ, सगळ्यांचं तसंच आहे."

पोराने पट्टी उलटसुलट करून पाहिली, मला परत दिली. "मी शोसाठीच लावलोय दादा," म्हणाला.

विचारलं, गाडी कुठे फिरते? दर शनिवारी पुण्याला जातो म्हणाला, रात्री, रस्ता मोकळा असतो म्हणून.