मुंबईचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २०२१ चं नाही

आज दुपारी जेवताना पुतण्याने एक रील पाठवलं. मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास, एका मिनिटात. सुरुवातच २०१४ पासून. मग इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी क्लब, मग मालक म्हणून रणबीर कपूर, मग २०२१ ची ट्रॉफी, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'मुंबई पहिल्यांदाच देशात अव्वल'. खाली सगळे टाळ्या आणि हृदयं टाकतायत.

मी त्याला विचारलं, अरे मग २००६ चं काय?

उत्तर आलं, "२००६ ला काय होतं काका?"

त्याचा दोष नाही. त्याला कोण सांगणार? पण तेव्हापासून डोकं भणभणतंय. संध्याकाळी चालायला गेलो, परत आलो, तरी उतरलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जावं.

२००५-०६ चा नॅशनल फुटबॉल लीग महिंद्रा युनायटेडने जिंकला. आपल्या मुंबईच्या क्लबने. तेव्हा देशातली सगळ्यात वरची लीग तीच होती, आय-लीग तिच्या जागी नंतर आली. कोलकात्याचे ईस्ट बंगाल, मोहन बागान, गोव्याचे डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग, सगळ्यांना मागे टाकून जिंकला. त्याच हंगामात फेडरेशन कपही आपलाच. प्रशिक्षक डेरिक परेरा. लाल जर्सी. जीपमेन म्हणायचे लोक. आणि घरचे सामने कूपरेज मैदानावर, चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने चालत गेलं की पोचता येतं अशा ठिकाणी. मुंबईच्या पोटात, कुठे सातासमुद्रापार नाही.

मला तिथे मामा घेऊन जायचा. मामा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता. मॅच असायची आठवड्याच्या मधल्या दिवशी, भर उन्हात. मामा हाफ डे टाकायचा आणि थेट कूपरेजच्या गेटवर भेटायचा, हाताला ग्रीसचा वास तसाच. बगलेत घडी केलेला पेपर. पायरी तापलेली असायची, तिच्यावर पेपर अंथरून बसायचं. अर्धा त्याला, अर्धा मला. मॅच संपून उठलो की पॅन्टला शाई लागलेली असायची, आई ओरडायची. मामाला ती शाई चालायची. पण सीट बदललेली चालायची नाही. डाव्या कोपऱ्याच्या झेंड्यासमोर, वरून तिसरी पायरी. तिथे दुसरं कोणी बसलं असेल तर मामा त्याला सरळ सांगायचा, "जरा सरका, ही आमची जागा."

त्या हंगामात मोहन बागान आलं तेव्हाची मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॅरेटो आपल्याकडे होता ना तेव्हा. होझे रामिरेझ बॅरेटो, ब्राझीलचा. १९९९ पासून बागानमध्ये देव झालेला माणूस. कोलकात्यात त्याला 'सबुज तोता' म्हणायचे, हिरवा पोपट. तो लाल जर्सी घालून बागानच्या विरुद्ध उतरणार होता. मुंबईतले सगळे बंगाली त्या दिवशी कूपरेजला लोटले होते. आमच्याच पायरीवर, मामाच्या पलीकडे, एक साठीचे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात बागानचा हिरवा-मरून मफलर. त्या उकाड्यात मफलर! बॅरेटोच्या पायात पहिल्यांदा बॉल आला आणि गृहस्थांनी टाळी वाजवली. वाजवली आणि लगेच थांबले, इकडेतिकडे बघितलं, हात मांडीवर ठेवले. बॉल पुन्हा बॅरेटोकडे आला. हात पुन्हा उठले.

मामा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "वाजवा हो दादा. चांगल्या खेळाला वाजवायला काय?"

ते म्हणाले, "आमादेर छेले." आमचा मुलगा आहे तो.

नंतरचा सगळा वेळ हे दोघं बोलत होते. मामाला बंगाली येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी दोघांचीही यथातथाच. पण साळगावकरविरुद्ध काय झालं, ईस्ट बंगालशी डर्बीला काय झालं, कोणाचा गुडघा गेलाय, सगळं बोलून झालं. हाफटाइमला त्यांनी डब्यातला संदेश आम्हाला दिला. बॅरेटोने पास काढला की मामा उजव्या हाताने त्यांच्या खांद्यावर मारायचा, आणि ते हसू दाबायचे कारण पास त्यांच्याच टीमच्या विरुद्ध होता.

आता मला सांगा, हे त्या एका मिनिटात कुठे बसवणार? आणि बसत नसेल तर नसू दे, पण 'पहिल्यांदाच' असं लिहायचा हक्क कोणी दिला? एकदा शोधून बघायला काय जातं? महिंद्राने जिंकलेले फेडरेशन कप २००३ आणि २००५. ड्युरँड कप १९९८, २००१, २००८. २००७ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल. हे काही कोणाच्या घरच्या वहीत लिहिलेलं नाही, सगळीकडे छापलेलं आहे. आणि त्याच्याही मागे जायचं तर कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ ला सुरू झालेला. देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते ५४ लागोपाठ पाच वेळा मुंबईत येऊन तो उचललाय. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, सेंट्रल रेल्वे, एअर इंडिया, या सगळ्या टीम मुंबईच्या. या शहराला फुटबॉल २०१४ ला कोणी आणून दिलं नाही.

हो, गर्दी नसायची. मान्य. गोव्याच्या आणि कोलकात्याच्या टीम आल्या की ग्राउंड भरायचं, एरवी पायऱ्या रिकाम्या. धोबीतलावचे, भायखळ्याचे गोवेकर साळगावकरसाठी यायचे, महिंद्रासाठी नाही. पण आम्ही होतो ना. थोडे होतो म्हणून आमची गणती करायची नाही का?

२०१० ला क्लब बंद झाला. मार्चमध्ये पेपरात बातमी आली. हंगाम संपला की टीम संपणार, यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं काहीसं कारण. सकाळी मामाचा फोन आला. "वाचलंस?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, वाचलं. मग दोघंही गप्प. मग मामा म्हणाला, "कंपनीची टीम. कंपनी म्हणाली बस्स, की बस्स. आपल्याला कोण विचारतंय." आणि फोन ठेवला.

कंपनीने इतकी वर्षं स्वतःचा पैसा घातला, खेळाडूंना पगार दिले, हे मी नाकारत नाही. कित्येक पोरांची घरं त्यावर उभी राहिली. पण देशातल्या टीमना हरवून चॅम्पियन झालेला क्लब चार वर्षांत कागदावरच्या एका निर्णयाने संपतो, आणि ज्याने डाव्या कोपऱ्यासमोर पेपर अंथरून ऊन खाल्लं त्याला कोणी एक ओळ लिहून कळवत नाही, हे बरोबर आहे का? आणि हे एकट्या मुंबईचं नाही. पुढच्याच वर्षी, २०११ ला, पंजाबची जेसीटी गेली. पहिला नॅशनल लीग जिंकलेली टीम! २०१५ ला पुणे एफसी गेलं, आधी लीगमध्ये दुसरं आलेलं. २०१९ ला एफसी पुणे सिटी गेलं. बालेवाडीला ढोल वाजवणारी पोरं अजून आहेत, क्लब एकही नाही. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंगने २०१६ ला आय-लीगमधून अंग काढून घेतलं. प्रत्येक वेळी बातमी मालकांची, फेडरेशनची, लीगच्या फॉरमॅटची. पायरीवरच्या माणसाची बातमी मी तरी वाचलेली नाही.

लोक सांगतात, मग दुसरी टीम धरा. असं कसं धरायचं? आई-बाप बदलतो का आपण? मुंबई एफसी होतं, पिवळ्या जर्सीवालं, तिथे मी गेलो, मनापासून ओरडलोसुद्धा. खालिद जमील त्यांचा कोच होता, आणि खालिद म्हणजे आपल्या महिंद्राच्याच मधल्या फळीत खेळलेला माणूस, म्हणून जीव लागला. २०१७ ला तेही आय-लीगमधून खाली गेलं आणि बंद पडलं. त्याच वर्षी खालिदने मिझोरमच्या ऐझॉलला चॅम्पियन करून दाखवलं. मुंबईत ज्याला धड टीम उरली नाही, त्याने तिकडे डोंगरात ट्रॉफी उचलली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तोच भारताचा कोच झाला. त्या दिवशी मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, "आपलं पोरगं." हे त्याने कोणाकडून उचललं ते तुम्हाला कळलं असेल.

बागानवाल्या त्या गृहस्थांना काय कमी होतं सांगा. त्यांचा बॅरेटो २००६ ला परत गेला, पुन्हा हिरव्या-मरून जर्सीत, पुढे कित्येक वर्षं तिथेच खेळला. एका हंगामापुरता लाल कपड्यात दिसला, ते दुःख त्यांनी संदेश खात सोसलं, आणि त्यांचा क्लब जागेवरच होता. परत यायला घर होतं. मामाकडे काय राहिलं? स्टीव्हन डायससारखा मुंबईचा पोरगा देशासाठी खेळला, पण मामाने त्याला ज्या जर्सीत बघितलं ती जर्सी आता कोणत्याही मैदानावर उतरत नाही. मामाने २०१० नंतर कूपरेजला पाय ठेवलेला नाही. कृत्रिम टर्फ आलं, ग्राउंड बदललं, मी म्हटलं बघून तरी येऊ. म्हणाला, तू ये बघून.

मुंबई सिटीवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर सकाळी भांडायला याल. अंधेरीला मी मुलीला घेऊन जातो. तिकीट फोनवर, लाइट चकचकीत, तिला टॉयलेट स्वच्छ मिळतं. कूपरेजला मी बहिणीला कधी नेऊ शकलो नाही, ते याचमुळे. मुलगी सगळ्या खेळाडूंची नावं घेते, आकाशी स्कार्फ धुवायला टाकत नाही. २०२१ ला साखळीची आणि फायनलची, दोन्ही ट्रॉफ्या एकाच हंगामात आल्या तेव्हा मीही घरात नाचलोय. ती ट्रॉफी मोठीच आहे. ती पहिली आहे असं म्हणू नका, माझं म्हणणं एवढंच होतं, आणि तेवढं लिहायला मला इतकं चिडावं लागतंय.

कारण हे एका रीलचं राहिलेलं नाही. टीव्हीवरचे समालोचक तेच बोलतात. नव्या पोरांना वाटतं भारतात फुटबॉल म्हणजे दहा-अकरा वर्षांपूर्वी लिलावात निघालेली वस्तू. आणि त्याच इंडियन सुपर लीगचं २०२५ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, हंगाम वेळेवर सुरूच होईना, खेळाडू घरी बसून. तेव्हा मुलगी मला विचारत होती, बाबा, आपली टीम बंद होणार का? काय सांगू मी तिला? मी तिच्या वयापेक्षा थोडा मोठा होतो तेव्हा मलाही वाटायचं, चॅम्पियन क्लब कोण बंद करेल.

क्लब बंद करणं मालकाच्या हातात असेल. जिंकलेलं पुसणं कोणाच्याच हातात नसावं. ती २००६ ची ट्रॉफी आज कुठल्या कपाटात आहे ते मला माहीत नाही, पण ती मुंबईची आहे. ग्रीसचा हात घेऊन पायरीवर बसलेल्या माणसाची आहे. म्हणून मी काय ठरवलंय ते सांगतो. कूपरेजच्या दारात एक पाटी असावी. मोठी नको. या मैदानावर कोण कोण खेळलं, रोव्हर्स कप कधीपासून कधीपर्यंत झाला, आणि मुंबईचे राष्ट्रीय विजेते कोण, वर्षांसकट. मैदान विफाचं आहे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं. त्यांना पत्र देणार आहे. पाटीचा खर्च आपण वर्गणी काढून करू, त्यांनी फक्त भिंत द्यावी.

ज्यांच्याकडे महिंद्राची जुनी तिकिटं, कात्रणं, फोटो आहेत त्यांनी कमेंटमध्ये टाका. एअर इंडिया, ऑर्के, टाटा, कुठलीही टीम चालेल. वडिलांच्या, काकांच्या कपाटात शोधा, रद्दीत जायच्या आधी. सहीसाठी नाव लिहा. मामाची सही मी घेतलीय, पहिली त्याचीच. पत्र रात्री इथेच टाकतो. भाषा सुधारायची असेल तर बिनधास्त सुधारा, कोणाचं नाव राहिलं असेल तर घाला. वर्षाला मात्र हात लावू नका. २००५-०६.