नावेवरचा गंज : त्या मेसेजमधलं मिश्रण करू नका

गोसीखुर्द, नवेगावबांधकडच्या मासेमारांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय : फायबरच्या नावेवरचे गंजाचे डाग ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कालवून घासा, पाच मिनिटांत साफ!

हे अजिबात करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि थेट फुप्फुसावर जातो. शिवाय ब्लीचिंगनं गंज निघतच नाही, उलट डाग पक्का होऊ शकतो. नुसत्या ॲसिडनं निघतो खरा, पण ते कड्या-बोल्टांवरचा जस्ताचा थरही खातं.

किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे. फडकं भिजवून डागावर अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. लिंबूसत्व म्हणजेच सायट्रिक आम्ल; ते गंजातलं लोखंड पाण्यात विरघळवतं. जस्ताच्या कड्यांवर मात्र ते फार वेळ ठेवू नका. तारेची घासणी तर नकोच. तिचे बारीक कण फायबरमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात.

तपकिरी ओघळ बोल्टच्या डोक्याखालून निघत असेल तर तो खोलून बघा. साधा लोखंडी असेल तर स्टेनलेसचा बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.