टॉकेटिव्ह, प्लस प्लस

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याच्या जिन्यात, वीसेक अनोळखी माणसांसमोर माझ्या फाइलचं जाहीर वाचन झालं. 'टॉकेटिव्ह, प्लस प्लस,' असं एका काकांनी खणखणीत आवाजात वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, 'बरोबर आहे.'

डॉक्टरी कागदांची सवय नसलेल्यांसाठी सांगते. डॉक्टर लोक अधिकची चिन्हं मोजूनमापून देतात. सूज थोडी असेल तर एक, बऱ्यापैकी असेल तर दोन, गुडघ्याचा नारळ झाला असेल तर तीन. म्हणजे वैद्यकशास्त्राच्या मते माझं तोंड बऱ्यापैकी सुजलेलं आहे. तारीख होती २०१४च्या जूनची. पहिल्याच भेटीची! म्हणजे अकरा वर्षं मी ज्या माणसासमोर विश्वासाने दोन्ही हात पुढे करून बसत होते, त्याने पहिल्या वीस मिनिटांतच निकाल लावून पेन्सिलीने कोपऱ्यात टाकला होता.

झालं होतं एवढंच की आमचे संधिवाताचे डॉक्टर निवृत्त होत होते. दारावर कागद लागला: दवाखाना ३१ तारखेपासून कायमचा बंद, जुन्या रुग्णांनी आपापल्या फाइली घेऊन जाव्यात. कागद लागला त्या दिवशी १२ तारीख होती. माझा भाचा वकील आहे. त्याने न विचारताच सांगितलं की वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय डॉक्टरला अंग काढून घेता येत नाही, आणि मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रंही द्यावी लागतात. 'पुरेशी म्हणजे किती?' मी विचारलं. 'ते लिहिलेलं नाही,' तो म्हणाला. मग लिहिलंय काय डोंबल?

तर फाइल आणायला गेले. जिन्यात रांग. पहिल्या पायरीवर हे काका बसलेले, मांडीवर लांबलचक वही. मला वाटलं दवाखान्याचेच कुणी असतील. नव्हते. तेही पेशंटच, आमच्यासारखेच बोटं वाकलेले. पण पूर्वी रेल्वे मेलमध्ये सॉर्टर होते. आयुष्यभर रात्रीच्या गाडीत उभं राहून लोकांची पत्रं खणाखणांत टाकलेली. इथे अडीचशे-तीनशे माणसं पत्त्याविना पडलेली दिसल्यावर त्यांना गप्प बसवेना. त्यांनी स्वतःच स्वतःची नेमणूक केली होती.

'पिन?' काकांनी विचारलं.

'कसली?'

'पिनकोड हो, बाई. माणूस नंतर, पिन आधी.'

'४११०३८.'

'कोथरूड.' त्यांनी जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. 'तिथे साचलंय. सगळे एकाच डॉक्टरकडे पळतायत. बाणेर चालेल? ४५?'

'मला रिक्षाने जावं लागतं, काका. गुडघे…'

'दुखणं नंतर. आधी बीट ठरू दे, कुठल्या भागात टाकायचं ते.'

मग वहीकडे बघितलं तर स्तंभ छापल्यासारखे आखलेले: नाव, पत्ता, शिक्षण, स्वभाव, अपेक्षा. मी त्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. 'मुलीच्या वेळची आहे,' ते म्हणाले. 'दोनशे पानी घेतली होती, चौदाव्या स्थळालाच जमलं. एवढे कागद फुकट घालवायचे का?' मला हे फार पटलं. माझ्याकडेही दहावीच्या २००९ सालच्या बॅचच्या अर्ध्या कोऱ्या वह्या आहेत, त्यांत मी दुधाचा हिशोब लिहिते. मुलं पहिली दहा पानं सुवाच्य अक्षरात लिहितात, पुढच्या पानावर कुणाला तरी मिशा काढतात आणि वही बदलतात. ते असो.

'शिक्षण?'

'एमए, बीएड. इतिहास. एकतीस वर्षं शाळेत…'

'शिक्षण म्हणजे दुखणं हो. त्या रकान्यात मी दुखणं भरतोय.'

'हां. आरए, म्हणजे रुमॅटॉइड संधिवात. रक्तात फॅक्टर पॉझिटिव्ह.'

'उच्चशिक्षित,' ते म्हणाले आणि लिहिलं. 'गोळ्या?'

'मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, रविवारी. फॉलिक अ‍ॅसिड सोमवारी. एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, रोज रात्री, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा. २०२०च्या मार्चमध्ये ही गोळी कुठ्ठेच मिळेना, आठवतंय ना तुम्हाला, करोनावर चालते म्हणून लोकांनी डबेच्या डबे भरून ठेवले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः सात दुकानांत फोन…'

'स्वभाव,' काका मला थांबवत म्हणाले, 'तुम्ही सांगू नका. फाइल द्या.'

आणि मी दिली. इथेच चुकलं. स्थळाच्या चौकशीत मुलीकडच्यांनी कागदपत्रं इतक्या सहज हातात द्यायची नसतात.

वाचन झालं. रांगेतल्या एका तरुण मुलीने हसू दाबलं. मागच्या जोशीबुवांसारख्या दिसणाऱ्या गृहस्थांनी ते दाबायचेही कष्ट घेतले नाहीत. मी म्हटलं, 'अहो, पेशंटने बोलायचं नाही तर काय भजन करायचं? डॉक्टरच विचारतात, काय होतंय?' काका शांतपणे म्हणाले, 'आम्हालाही विचारतात. मी म्हणतो, दुखतंय.'

'अपेक्षा?' त्यांनी पुढचा रकाना धरला.

आता मी इरेला पेटले होते. म्हटलं, लिहा. डॉक्टरने तपासताना मोबाइलवर बोलू नये. बोटांची पेरं दाबून बघावीत, नुसता रिपोर्ट बघू नये. चिठ्ठीवर 'फक्त रविवारी' असं लाल शाईत लिहावं, आमचे लिहितात, कारण मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. माझं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेते म्हटल्यावर हसू नये.

काकांनी लिहिलं: 'फार.'

आता डॉक्टरांनी दिलेल्या यादीबद्दल. काउंटरवरच्या ताई फाइलबरोबर प्रत्येकाला एक चिठ्ठी देत होत्या, तीन डॉक्टरांची नावं असलेली. मला वाटलं, चला, काहीतरी सोय केलीय माणसाने. काकांनी चिठ्ठी न बघताच सांगितलं, 'पहिले तीन महिन्यांनंतरची वेळ देतात. दुसरे मोठ्या हॉस्पिटलात गेलेत, बाराशे रुपये, पार्किंग वेगळं. तिसरे गेले.'

'कुठे गेले?'

'गेले म्हणजे गेले. दोन वर्षं झाली. ही यादी जुनी आहे, डॉक्टर दिवाळीत गावाला जायचे तेव्हाची. तारीख तेवढी नवी घातलीय.'

मला यात हसायला आलं, नंतर आलं नाही. एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकून होतात हे डॉक्टर, मुळात मोजके, त्यात यादीतला एक स्वर्गवासी. कंपनी बंद पडली तर कामगारांच्या देण्यांचा प्रश्न निदान कुणीतरी उचलतं. दुकान हलवलं तर वाणी पाटी लावतो, 'समोरच्या गल्लीत स्थलांतर.' आणि जिथे या गोळ्यांपायी माणसाच्या यकृताचा दर तीन महिन्यांचा हिशोब ठेवलेला असतो, तिथे सेलोटेपने चिकटवलेला एक कागद! डॉक्टरने निवृत्तच होऊ नये असं मी म्हणत नाही. पंचाहत्तरी आली, त्यांचेही गुडघे असतीलच की. पण माझ्या शाळेतून मी निवृत्त झाले तेव्हा नववी 'ब'ची मुलं जिन्यात सोडून आले नव्हते. कुठपर्यंत शिकवून झालंय, कोण मागच्या बाकावर डुलक्या घेतो, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं पुढच्या बाईंना बसून सांगितलं होतं. दोन दिवस सांगत होते. (त्या बाईही बहुधा कुठेतरी प्लस प्लस लिहून मोकळ्या झाल्या असतील.)

रांगेतून कुणीतरी म्हणालं, 'हल्ली आभा निघालंय ना, सरकारचं हेल्थ खातं, सगळे रिपोर्ट ऑनलाइन असतात.' माझ्याकडे आहे की. चौदा आकडी नंबर. भाच्याने काढून दिला, कार्ड लॅमिनेट करून दिलं. त्या चौदा आकड्यांच्या मागे काहीही नाही, कारण आमचे डॉक्टर सगळं कागदावर लिहीत, आणि ते अक्षर वाचायला मोडीच्या अभ्यासकालाही घाम फुटेल. अकरा वर्षांत स्वच्छ वाचता येतील असे दोनच शब्द त्यांनी लिहिले. ते कोणते, ते सांगून झालंय.

माझ्या मागे एक सासू-सून होत्या. करमाळ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या. सासूबाईंच्या हाताची बोटं एका बाजूला कलंडलेली, पिशवीसुद्धा मनगटात अडकवलेली. काकांनी विचारलं, 'पिन?' सुनेने सांगितलं. ४१३ने सुरू होणारा. काकांचं पेन वहीवर टेकायचं थांबलं. त्यांच्या यादीत ४११च्या बाहेरचं काही नव्हतं.

'दादा, आमचं कुठं लावता?' सून म्हणाली.

'बघतो,' काका म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी हळू आवाजात बोललेलं मी ऐकलं.

मी मात्र आत भांडायला गेले. निश्चय पक्का होता: दोन्ही अधिकचिन्हांचा खुलासा मागायचा. डॉक्टर टेबलाचे खण आवरत बसले होते. मला बघितल्यावर त्यांनी सवयीने हात पुढे केला, मी सवयीने माझे दिले. त्यांनी एकेक पेर दाबलं. 'सकाळी किती वेळ आखडतात?' 'वीस मिनिटं.' 'छान. रविवार चुकवू नका.' मी हो म्हटलं आणि बाहेर आले. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर आठवलं की भांडण राहिलं. हे मला अजून सलतंय.

काकांनी मला शेवटी एका नव्या क्लिनिकमध्ये 'टाकलं'. त्यांचाच शब्द. शुक्रवारी गेले. जाताना मनाशी शपथ घेतली होती की विचारतील तेवढंच बोलायचं. दोन अधिकांचं एक तरी करून दाखवायचं. तरुण डॉक्टर, समोर संगणक, हसतमुख. जुनी फाइल उघडली, दोन पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या आणि बाजूला ठेवली. 'कधीपासून?' 'बारा वर्षं.' 'कुठली औषधं?' सांगितली. 'आणखी काही?' 'नाही.' 'कशाचा त्रास झाला होता?' मी जीभ चावली. 'विशेष नाही.' चार मिनिटांत बाहेर. हातात संगणकातून आलेला सुबक कागद, सीबीसी, ईएसआर, लिव्हर, क्रिएटिनिन अशा रक्ताच्या सगळ्या तपासण्या नव्याने करायला सांगितलेल्या, आणि वर एक नवी गोळी.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला कागद दिला. त्याने गोळीची पट्टी काढली, परत कागद बघितला, आणि म्हणाला, 'बाई, ही सल्फावाली आहे. तुम्हाला हिनेच अंगभर पुरळ उठलं होतं ना? २०१६ला? तुम्हीच सांगितलं होतं. दोनदा.'

तिथेच बाकड्यावर बसले. सांगितलं होतं खरं. त्याला, दूधवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, सगळ्यांना. ज्याला सांगायला हवं त्याला सोडून. नव्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळी बदलली, वर थोडं रागावले. 'मी विचारलं होतं तुम्हाला.' विचारलं होतं, हे खोटं नाही. वेळ जावा म्हणून हातातला कागद वाचत बसले. स्वच्छ टाइप केलेलं, एकही चूक नाही. शेवटच्या ओळीत: 'पुअर हिस्टोरियन.'

भाच्याला विचारलं. त्याने नेटवर शोधून सांगितलं, म्हणजे पेशंटला आपल्या आजाराची माहिती नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला. पानिपत माझ्याइतकं त्या शाळेत कुणी लढलं नाही. आणि आता लेखी मिळालं.

काल संध्याकाळी काकांचा फोन. 'पत्र पोचलं का?' मी सगळं सांगितलं. मध्ये एकदा त्यांनी फोन ठेवून चहा करून आणला असावा, कपाचा आवाज आला. शेवटी म्हणाले, 'स्वभाव खोडतो. काय लिहू?' मी म्हटलं, काही लिहू नका. मग ते थोडे घुटमळले. 'ती करमाळ्याची दोघं अजून माझ्याकडेच आहेत. पत्ता लागत नाही. सोलापुरात, बार्शीत, नगरला तुमचं कुणी आहे का?'

माझा एक विद्यार्थी सोलापुरात औषधाचं दुकान चालवतो, असं शाळेच्या मेळाव्यात ऐकलं होतं. नंबर मिळवला. त्याला आधी माझी ओळखच पटेना. 'कोण बाई?' मग मी त्याने १९९८च्या सहामाहीत अफजलखान वधाचं साल काय लिहिलं होतं ते सांगितलं. लगेच ओळख पटली. पाऊण तास बोलले. दोन डॉक्टरांची नावं मिळाली आहेत, दोघेही हयात आहेत, हे आधी विचारून घेतलं.