एका प्लॉटवर चार बिऱ्हाडं : तुमच्या हरकतीला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : तालुक्याच्या चांगल्या लेआऊटमध्ये एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांना परवानगी दिली, तर नाल्या तुंबतील आणि वस्ती बिघडेल. नालीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आधी तेच.

भुयारी गटार नसलेल्या गावात नळयोजनेचा हिशेब माणशी रोज 70 लिटरचा. पाच जणांच्या बंगल्याला 350 लिटर, चार बिऱ्हाडांतल्या सोळा जणांना 1,120. पाच जणांची सेप्टिक टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत मीटरभर पाणी, एवढी पुरते. चार बिऱ्हाडांत वीस जण धरले तर लांबी 2.3, रुंदी 1.1 आणि दोन वर्षांनी उपसायची तर पाण्याची खोली 1.8 मीटर लागते. चूक होते ती इथेच : टाकी जुनीच ठेवून खोल्या वाढवतात. मैला खाली बसायच्या आत गाळासकट शोषखड्ड्यात जातो. त्यात आपली काळी माती; पावसाळ्यात फुगली की पाणी पीतच नाही, आणि सगळं नालीत येतं. खड्डा काळा थर ओलांडून मुरमापर्यंत न्यायला हवा. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर शोषखड्डा नकोच. टाकीचं पाणी गिट्टीच्या गाळणीतून कर्दळीच्या बंदिस्त वाफ्यात सोडायचं.

जुन्या बंगल्यावर मजला चढवण्याला माझाही विरोध आहे. पाया मुरमावर टेकलेला नसेल तर उन्हाळ्यात माती आकसते आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात.

पण वस्ती कशी बिघडेल? राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, 1.1 आहे. 200 चौरस मीटरच्या प्लॉटवर 220 चौरस मीटर. त्यात एक मोठा बंगला बसतो, नाहीतर साधारण 50 चौरस मीटरचे चार पोर्शन. इमारत तेवढीच, उंचीही तीच. त्या पोर्शनमध्ये राहणार बदलीवर आलेली नर्स, एसटीचा वाहक, मुलींच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेलं कुटुंब. आज हे किरायादार गावाबाहेर, नालीच नसलेल्या काळ्या रानातल्या प्लॉटांवर जातात. मोठ्या लेआऊटमध्ये वीस टक्के लहान घरांची सक्ती 2020 च्या नियमावलीत दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांनाच होती, म्हणजे विदर्भात फक्त नागपूरला. तालुक्याला ही जागा आपणच करून द्यावी लागेल.

हरकत नोंदवायचीच असेल, तर चुलींच्या संख्येवर नको. नकाशासोबत माणसांच्या हिशेबानं टाकीचं माप मागा, आणि टाकीवर स्लॅब पडायच्या आधी अभियंत्यानं ती टेपनं मोजावी असा आग्रह धरा. त्या अर्जावर मीही सही करेन.